वाकाटककाळातल्या कादंबरीसाठी पात्रांची संस्कृत नावं : अर्थ, व्याकरण, काळ

रेवाकाठ
कादंबरीचा आराखडा तयार आहे. काळ इ.स. पाचव्या शतकाचा उत्तरार्ध, वत्सगुल्म (आजचं वाशीम) आणि अजिंठ्याचा परिसर. राजा हरिषेण आणि अमात्य वराहदेव खरे, बाकी पात्रं काल्पनिक. बाळांच्या नावांच्या संकेतस्थळांवरून एक कच्ची यादी काढली आहे:

आरव – नायक, लेणी खोदणारा तरुण शिल्पी. अर्थ ‘शांत’.
अनुज – त्याचा थोरला भाऊ, सैन्यात.
मणिसेन – सेनापती.
चंद्रमती – श्रेष्ठीची (बड्या व्यापाऱ्याची) मुलगी, नायिका.
दुर्बुद्ध – खलनायक, कोषाध्यक्ष.
मायरा – नायिकेची दासी.
वैद्य – नाव सुचलेलं नाही.

अर्थ बरोबर आहेत का, त्या काळाला शोभतात का, आणि यादीबाहेरचं काही सुचतंय का, एवढंच विचारायचं आहे. सढळ हाताने चिरफाड करा.

खडूसराव
थोरल्याचं नाव अनुज? बारशालाच धाकट्याचं आरक्षण केलं होतं का?

अमरकोशी
खडूसरावांनी एका ओळीत उरकलं, पण मुद्दा तोच. अनु + ज म्हणजे मागून जन्मलेला, धाकटा भाऊ. ते नाव थोरल्याला देता येत नाही. ‘अग्रज’ बरोबर आहे, पण ते नातं झालं, नाव नव्हे. तनुजा, आत्मजा यांचंही तसंच: दोन्हींचा अर्थ नुसता ‘मुलगी’.

आरव : रु धातूवरून रव, त्याला आ उपसर्ग. अर्थ आवाज, गलका, आरडाओरडा. ‘शांत’ हा अर्थ कुठल्याही संस्कृत कोशात मिळणार नाही. दिवसभर छिन्नीवर हातोडा मारणाऱ्याला एका परीने शोभेल म्हणा. मायरा संस्कृत नाही, विषय संपला.

त्या संकेतस्थळांची खोड अशी की मूळ सापडलं नाही की मुलगा असेल तर ‘विष्णूचं एक नाव’ आणि मुलगी असेल तर ‘दुर्गेचं एक नाव’ असं ठोकून देतात. विष्णुसहस्रनाम काही गुप्त दस्तऐवज नाही, उघडून बघता येतं. नाव तपासताना आधी त्याची फोड करा. दोन्ही तुकडे आपट्यांच्या संस्कृत कोशात स्वतंत्रपणे सापडले पाहिजेत. मग जोडशब्दाला रूढ झालेला वेगळाच अर्थ नाही ना ते बघा: ‘अनामिका’ म्हणजे करंगळीशेजारचं बोट, ‘मनोज’ म्हणजे मदन. शेवटी ऱ्हस्व-दीर्घ. सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे सारथी. कुल म्हणजे घराणं, कूल म्हणजे नदीकाठ. अनल आणि अनिल यांत एका वेलांटीचा फरक, पण एक विस्तव आणि दुसरा वारा.

भाष्यवेडा
मणिसेन घेऊ नका, मणिषेण घ्या.

पाणिनीचं सूत्र आहे : एति संज्ञायामगात् (८.३.९९). सोप्या शब्दांत, शब्द विशेषनाम असेल, ‘सेन’च्या आधी इ-उ गटातला स्वर असेल, तर स चा ष होतो, आणि त्या ष मुळे पुढच्या न चा ण. म्हणून हरिषेण, सुषेण, वसुषेण (कर्णाचं मूळ नाव). आधी अ असेल तर काही होत नाही: भीमसेन, उग्रसेन, चित्रसेन. आधी कवर्गातलं व्यंजन असेल तरी नाही, म्हणून विष्वक्सेन. पूर्वपद नक्षत्राचं नाव असेल तर पुढचं सूत्र विकल्प देतं: रोहिणिषेण किंवा रोहिणिसेन.

तुमच्या वाकाटकांच्या वंशावळीतच हा नियम डोळ्यांनी दिसतो. रुद्रसेन, प्रवरसेन, सर्वसेन, देवसेन, नरेंद्रसेन यांत स. पृथिवीषेण आणि हरिषेण यांत ष. ताम्रपट कोरून घेणाऱ्यांना हे ठाऊक होतं. त्याच दरबारात मणिसेन नावाचा सेनापती वावरला तर राजाच्या नावाशेजारीच चूक उघडी पडेल.

पिंपळपान
म्हणजे ‘सुसेन’ असं लिहिणारे चुकतात?

भाष्यवेडा
संस्कृत नाव म्हणून चुकतात. वैद्य सुषेण आठवा, लक्ष्मणाला शुद्धीवर आणणारा.

‘विशेषनाम असेल तरच’ ही अट कथाकाराच्या फार कामाची आहे, म्हणून आणखी दोन उदाहरणं. शूर्प म्हणजे सूप, सुपासारखी नखं असलेली. साधं विशेषण असेल तर शूर्पनखी. नाव असेल तर न चा ण होतो आणि शेवटी ई न येता आ येतो: शूर्पणखा. दुसरं विश्वामित्र. हे विश्व + अमित्र नाही, तो जगाचा शत्रू नव्हे. विश्व + मित्रच आहे, पण ऋषीचं नाव असेल तर मधला अ दीर्घ होतो (मित्रे चर्षौ). काशिकेत, म्हणजे पाणिनीवरच्या जुन्या टीकेत, तिथेच प्रत्युदाहरण दिलंय: साध्या मुलाचं नाव असेल तर विश्वमित्र. तेव्हा तुमच्या कथेत त्या नावाचा कुणी व्यापारी असेल तर तो विश्वमित्र. काना दिलात की त्याला दाढी आणि कमंडलूही द्यावा लागेल.

सूत्रधार
‘चंद्रमती’बद्दल कुणीच बोललं नाही अजून. मत् या प्रत्ययाच्या आधी अ किंवा आ असेल तर म चा व होतो. मराठीतही हे कानाला सवयीचं आहे: धनवान पण बुद्धिमान, बलवान पण हनुमान. म्हणून लीलावती, कलावती, पण इंदुमती, भानुमती. नाव असेल तर आधीचा स्वर पुष्कळदा दीर्घही होतो: पद्मावती, अमरावती. तेव्हा चंद्रावती तरी करा. किंवा चंद्र हवाच असेल तर इंदू घ्या, मग ‘मती’ आपोआप बरोबर बसते. इंदुमती हे नाव कालिदासाने रघुवंशात अजाच्या राणीला दिलंय, म्हणजे तुमच्या काळाच्या अगदी जवळचं.

वाऱ्यावरची_वरात
असहमत. तारामती काय मग चुकीची? हरिश्चंद्र-तारामती म्हणत गावंच्या गावं रडली, कुणी सूत्र काढून बसलं नाही.

सूत्रधार
तारामती मराठीत रूढ आहे, तिला कुणी हात लावत नाही. पण मार्कंडेय पुराणातल्या कथेत हरिश्चंद्राची राणी शैव्या आहे. एकोणिसाव्या शतकातली कादंबरी असती तर चंद्रमती चाललं असतं. इथे तीच व्यक्ती संस्कृत प्रशस्तीत (गौरवपर कोरीव लेखात) उल्लेखली जाणार असेल तर प्रशस्ती लिहिणारा कवी म चा व केल्याशिवाय राहणार नाही.

आता मूळ मुद्दा. नाव फक्त अर्थावरून निवडायचं नसतं, पात्राच्या स्थानावरूनही निवडायचं असतं, आणि याचे संकेत लिहून ठेवलेले आहेत. नाट्यशास्त्र सांगतं की राजस्त्रियांची नावं विजयाशी निगडित असावीत, गणिकांच्या नावांच्या शेवटी दत्ता, मित्रा, सेना यावं, दासींना फुलांची नावं द्यावीत, व्यापाऱ्यांच्या नावाअखेर दत्त असावं. चौदाव्या शतकातला साहित्यदर्पण थोड्या फरकाने तेच सांगतो. दास-दासींसाठी वसंतादी ऋतूंत वर्णिल्या जाणाऱ्या वस्तूंची नावं. मृच्छकटिक नाटक डोळ्यांसमोर आणा: गणिका वसंतसेना, सार्थवाहांच्या (तांडे नेणाऱ्या व्यापाऱ्यांच्या) घराण्यातला चारुदत्त.

म्हणून धागाकर्तीला इशारा: श्रेष्ठीच्या मुलीला ‘चंद्रसेना’ करण्याचा मोह टाळा. ज्यांनी संस्कृत नाटकं वाचलीत ते पहिल्याच पानावर भलता अंदाज बांधतील.

पिंपळपान
वासवदत्ता? ती तर उज्जयिनीच्या प्रद्योताची मुलगी आणि वत्सराज उदयनाची राणी. दत्तान्त आहे, गणिका नाही.

सूत्रधार
बरोबर, आणि म्हणूनच त्याला संकेत म्हणतो, कायदा नव्हे. वासवदत्तेचं नाव आधीपासून कथापरंपरेत होतं, नाटककाराने ते घेतलं. पात्र नव्याने घडवताना मात्र संकेत उपयोगी पडतो, कारण ओळख करून देणारा एक परिच्छेद वाचतो. ‘सोमदत्त आला’ म्हटलं की व्यापारी, ‘बकुलिका आली’ म्हटलं की दासी. वाचकाला वेगळं सांगावं लागत नाही.

अमरकोशी
+१. दासीसाठी मालतिका, मंदारिका, लवंगिका, बकुलिका यांतलं काहीही घ्या. ‘क’ प्रत्ययाचं स्त्रीलिंग ‘इका’ होतं, ‘अका’ नाही: नायक-नायिका, कारक-कारिका, तसं दीपक-दीपिका. ‘दीपका’, ‘चंपका’ अशी नावं हल्ली दिसतात, ती या फाट्यावर घसरलेली आहेत.

खडूसराव
मृणालिका नको पण. कमळाचा देठ. दिवसभर पाण्यात उभी राहील.

लेणीवाला
सगळे संस्कृतात रमले आहेत म्हणून थोडं पाणी ओततो. अभिलेखांत सामान्य माणसं संस्कृत नावांनी भेटत नाहीत, प्राकृत नावांनी भेटतात. नाशिकच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई ‘उषवदात’ आहे, संस्कृतात ऋषभदत्त. त्याची बायको ‘दखमिता’, म्हणजे दक्षमित्रा. हे तर राजघराण्यातले, आणि काळ दुसऱ्या शतकाचा. कार्ल्याचं चैत्यगृह पूर्ण करवून घेणारा वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, तोही प्राकृत लेखातच.

पाचव्या शतकात राजदरबार संस्कृतकडे वळलेला होता हे मान्य. पण वत्सगुल्म शाखेचाच वाशीम ताम्रपट (दुसऱ्या विंध्यशक्तीचा) बघा: वंशावळ संस्कृतात, आणि पुढचा व्यवहाराचा मजकूर प्राकृतात. कादंबरीसाठी याहून चांगला नमुना नाही. दरबारात संस्कृत नाव, बाजारात आणि लेण्याच्या पायरीवर प्राकृत. तुमचा शिल्पी दगडाची धूळ खात काम करतो, त्याला सहकारी ‘यक्षदत्त’ म्हणून हाक मारणार नाहीत, ‘जक्खदिन्न’ म्हणतील.

रूपांतर करायची ढोबळ रीत: श, ष यांचा स. क्ष चा क्ख, शब्दारंभी नुसता ख. शब्दारंभीच्या य चा ज. ऋ चा अ, इ किंवा उ. जोडाक्षरातला र जातो आणि उरलेलं व्यंजन दुप्पट होतं: धर्म-धम्म, मित्र-मित्त, पुत्र-पुत्त. न चा बहुधा ण. दोन स्वरांमधला प चा व: गोपाल-गोवाल. दत्त चं प्राकृतात दिन्न होतं. क, ग, त, द दोन स्वरांमध्ये आले की महाराष्ट्री प्राकृतात गळतात, पण ते नावात करू नका. वाचकाला नुसते स्वर उरलेले दिसतील आणि तो पुस्तक मिटेल.

वाऱ्यावरची_वरात
हे भारी आहे. वाचनखूण साठवली.

भाष्यवेडा
लेणीवाल्यांच्या मुद्द्याला जोडून, घरगुती लाडकं नाव करायची संस्कृतातलीच रीतही आहे. पाणिनीच्या पाचव्या अध्यायात. नाव लांबलचक असेल तर दुसऱ्या स्वरानंतरचं सगळं कापायचं आणि इक, इय किंवा इल लावायचं. देवदत्त : देविक, देविय, देविल. यज्ञदत्त : यज्ञिक, यज्ञिल. तसं यक्षदत्तचं यक्षिल. शिवाय प्रत्यय न लावता अर्धं नाव गाळलं तरी चालतं: देवदत्तला नुसतं देव किंवा दत्त, सत्यभामेला भामा.

म्हणजे एकाच माणसाची तीन नावं झाली. कुणाच्या तोंडी कोणतं येतं यावरून नातं कळतं. प्रशस्तीत यक्षदत्त, कामगारांत जक्खदिन्न, आईच्या तोंडी यक्षिल.

खडूसराव
देवदत्तचा विषय निघालाय तर, बिचाऱ्याला दोन हजार वर्षं सुट्टी नाही. व्याकरणवाल्यांकडे तो सतत गावाला जातो आणि भात शिजवतो. मीमांसकांकडे लठ्ठ आहे आणि दिवसा जेवत नाही, म्हणून सगळे त्याच्या रात्रीच्या जेवणाची चौकशी करतात. अर्जुनाच्या हातात तोच शंख होऊन वाजतो. बुद्धाच्या गोष्टीत चुलतभाऊ होऊन कारस्थानं करतो. कृपया कादंबरीत तरी त्याला घेऊ नका.

पिंपळपान
हाहाहा. दिवसा न जेवणारा लठ्ठ देवदत्त म्हणजे अर्थापत्तीचा (दिसतं त्यावरून न दिसलेलं गृहीत धरण्याचा) कायमचा बळी.

मुद्रितशोधक
चर्चा उत्तम चालली आहे, पण एक गोष्ट कुणी काढली नाही. हे नाव मराठी वाक्यात शेकडो वेळा येणार आहे, आणि प्रत्येक वेळी विभक्ती लागणार आहे. नाव पक्कं करण्याआधी त्याला ने, ला, चा, हून आणि ‘पेक्षा’ लावून मोठ्याने वाचा. अर्ध्या यादीचा निकाल तिथेच लागतो.

सगळ्यांत त्रासदायक ‘वर्मन्’. मराठीत प्रथमेचं रूप येतं म्हणून यशोवर्मा. आता पुढे काय? ‘यशोवर्म्याने’ वाचताना अडखळतं, ‘यशोवर्माने’ व्याकरणात बसत नाही, ‘यशोवर्मनने’ तर दोन्हीकडचं नाही. गरज नसेल तर हे पद टाळा. वाकाटकांच्या नावांत ते नाहीही. ‘दत्त’, ‘सेन’, ‘देव’ निर्धोक: सोमदत्ताने, मणिषेणाला, वराहदेवाचा. इथे एकच पथ्य: ‘सोमदत्ताने’ धरलंत तर मधेच ‘सोमदत्तने’ होऊ देऊ नका. जुन्या काळाच्या कथेत सामान्यरूपाचा आ ठेवलेला बरा वाटतो.

आकारान्त स्त्रीनावांत आणखी जपायला हवं. ‘मालतिकेने’ की ‘मालतिकाने’? आजच्या बोलण्यात सीमाने, उषाला. पण पाचव्या शतकातल्या मालतिकेला ‘मालतिकेने’ हेच शोभतं. पुस्तकभर एकच ठेवा आणि पहिल्या पानापासून टिपणवहीत लिहून ठेवा. ईकारान्त नावाला हा प्रश्नच येत नाही: इंदुमतीने, इंदुमतीला. सर्वांत जास्त पानं जिच्यावर आहेत तिचं नाव ईकारान्त असलेलं सोयीचं.

लेखनाचा नियमही आहेच. मूळ संस्कृतात ऱ्हस्व इ, उ शेवटी असलेली नावं मराठीत स्वतंत्र आली की दीर्घ: हरी, विष्णू, भारवी. समासात पूर्वपद म्हणून आली की ऱ्हस्वच: हरिषेण, विष्णुदत्त, इंदुमती, मणिषेण. ‘इंदूमती’ किंवा ‘हरीषेण’ छापलं गेलं तर ती मुद्रणदोषांची यादी माझ्या टेबलावर येते.

आणि नावांची सुरुवात सारखी ठेवू नका. महाभारतात धृतराष्ट्र, धृष्टद्युम्न, धृष्टकेतू यांत नवखा वाचक गोंधळतो. व्यासांना ते माफ आहे, तुम्हाला नाही. तुमच्या यादीत मणिषेण आणि मालतिका दोघांचं ‘म’. एकाच प्रसंगात फारसे येत नसतील तर ठेवा, नाहीतर बकुलिका.

रेवाकाठ
मुद्रितशोधक, दंडवत घ्या. दोघं एकाच प्रसंगात बरेचदा येतात, त्यामुळे बकुलिकाच. खलनायकाचं कुणी सांगेल का? आणि संबोधनं कशी करायची?

अमरकोशी
‘दुर्बुद्ध’ हे नाव कुठलाही बाप मुलाला ठेवणार नाही. लोक उदाहरण देतात दुर्योधनाचं, पण तिथे दुर् म्हणजे वाईट नाही, कठीण. दुर् + युध् : ज्याच्याशी लढणं कठीण. दुःशासन : ज्याला आवरणं कठीण. दुःसह : ज्याचा मारा सोसवत नाही. ही क्षत्रियाची गौरवाची नावं आहेत. दुर्गाही त्याच घडणीची, जिथे पोहोचणं कठीण.

नावावरून स्वभाव ठरत नाही याचा नमुना घरातच आहे. विभीषण म्हणजे भय उत्पन्न करणारा, आणि लंकेत तोच एक सज्जन. मुद्राराक्षस नाटकातला अमात्य राक्षस नंदवंश संपल्यावरही नंदांशी एकनिष्ठ. तेव्हा कोषाध्यक्षाला गोड नाव द्या. शुभंकर. पैसे खाताना वाचकाच्या मनात जास्त रुतेल.

सूत्रधार
शुभंकर झकास.

संबोधनं : आकारान्त स्त्रीनावाला ए (बकुलिके), ईकारान्ताला ऱ्हस्व इ (इंदुमति, देवि), इकारान्त पुल्लिंगीला ए (हरे), उकारान्ताला ओ (विष्णो, गुरो), अकारान्ताला काही नाही (शुभंकर). पण मराठी संवादात प्रत्येक हाक संस्कृत रूपात आली तर ते रंगभूमीवरचं जुनं पौराणिक वाटेल. नावाऐवजी नात्याची हाक वापरा. पत्नी पतीला ‘आर्यपुत्र’, सारथी राजाला ‘आयुष्मन्’, विदूषक राजाला ‘वयस्य’, सख्या एकमेकींना ‘हला’. दासी कोषाध्यक्षाला ‘आर्य’ म्हणेल, ‘शुभंकर’ कधीच म्हणणार नाही. जो म्हणेल तो त्याच्या बरोबरीचा किंवा वरचढ, एवढं सांभाळलं की दरबाराची उतरंड संवादातच उभी राहते.

वाऱ्यावरची_वरात
नायिकेला नदीचं नाव का नको? वेत्रवती, रेवा, कावेरी. कानाला गोड आहेत.

लेणीवाला
मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात आहे : नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी, सर्प यांची नावं असलेल्या मुलीशी लग्न करू नये.

खडूसराव
रेवाकाठताई, तुमच्या आयडीवर थेट आक्षेप आलाय. हलके घ्या.

लेणीवाला
आणि कुणी पाळलं नाही. रोहिणी, यमुना, गंगा घरोघर. पण कथेत उपयोग होतो. श्रेष्ठीच्या मुलीचं नाव रेवती असेल आणि नियोजित सासऱ्याने नावावरून खोड काढली, तर तो काळाला धरून असलेला वाद आहे, ओढून आणलेला नाही.

भाष्यवेडा
गृह्यसूत्रांचे (घरच्या संस्कारांवरच्या ग्रंथांचे) नियमही असेच लिहायला कडक आणि व्यवहारात सैल. पारस्कर म्हणतो: मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरी, आरंभी घोष व्यंजन (ग, ज, द, ब, भ वगैरे), मध्ये य-र-ल-व पैकी काही, आणि नाव कृदन्त (धातूपासून बनलेलं) असावं, तद्धित (नामापासून बनलेलं) नको. मुलीचं विषम अक्षरी, आकारान्त. अक्षर म्हणजे इथे स्वर मोजायचा, जोडाक्षर एकच धरायचं: रुद्रसेन चार, हरिषेण चार. प्रवरसेन पाच झाले, आणि प्रभावतीगुप्ता तर सहा. गुप्त सम्राटाच्या मुलीने नियम मोडला, वाकाटकांच्या घरात येऊन राज्यकारभारही केला.

याच सूत्रवाङ्मयात एक फार सुंदर गोष्ट आहे, कथानकाला आयती. आश्वलायन सांगतो की व्यवहाराच्या नावाखेरीज एक अभिवादनीय नाव ठेवावं, आणि ते मुंजीपर्यंत फक्त आईवडिलांना माहीत असावं. गुरूला पहिलं अभिवादन करताना ते वापरायचं. लहानपणी ताटातूट झालेल्या दोघांची ओळख पटवायला अंगठी, तीळ, गाणं हे सगळं वापरून झालंय. हे नाव अजून कुणी फारसं वापरलेलं नाही.

पिंपळपान
हे मात्र फक्त द्विजांना लागू. नायक शिल्पी आहे, त्याच्यावर लावलं तर टीकाकार उभे राहतील. कोषाध्यक्षाच्या मुलाला लावा.

भाष्यवेडा
योग्य.

रेवाकाठ
आतापर्यंतचा हिशोब : नायक यक्षदत्त / जक्खदिन्न / यक्षिल. सेनापती मणिषेण. नायिका इंदुमती. कोषाध्यक्ष शुभंकर. दासी बकुलिका. थोरला भाऊ आणि वैद्य राहिले.

सूत्रधार
थोरल्याला नक्षत्रावरून द्या, पुष्यदत्त. दोघा भावांना ‘दत्त’ मिळालं की घर एक वाटतं, आणि सुरुवात वेगळी असल्याने मुद्रितशोधकही खूश. प्राकृत हवं तर पुस्सदिन्न. दत्तान्त नाव व्यापाऱ्याचं असं मीच वर लिहिलंय, पण यक्षाने किंवा नक्षत्राने दिलेला या अर्थाने ते कुणालाही चालतं. संकेत फक्त नाटकापुरता.

अमरकोशी
वैद्याला चरकसंहितेची घडण वापरा. तिथला आचार्य पुनर्वसु आत्रेय : आधी नक्षत्रनाम, मग कुलनाम. जन्मनक्षत्र जसंच्या तसं माणसाचं नाव होऊ शकतं, पाणिनीने यादीच दिली आहे: विशाखेवर जन्मलेला विशाख, अनुराधेवरचा अनुराध, तसेच तिष्य, हस्त, पुनर्वसु. स्वातीवर जन्मलेला पुरुषही स्वातीच, पण आजच्या मराठी वाचकाला ती बाई वाटेल, म्हणून नको.

कुलनाम करताना पहिल्या स्वराची वृद्धी: अ चा आ, इ-ए चा ऐ, उ-ओ चा औ, ऋ चा आर्. कश्यप-काश्यप, भृगु-भार्गव, कुरु-कौरव, अत्रि-आत्रेय. आईवरून असेल तर बहुधा एय: विनता-वैनतेय, राधा-राधेय. वृद्धी विसरून ‘अत्रेय’, ‘विनतेय’ लिहिलं की तद्धितच मोडतं. तुमचा वैद्य : विशाख काश्यप. लोक ‘काश्यप’ म्हणतील, बायको नावानेच हाक मारणार नाही, म्हणजे ‘विशाख’ जवळपास कुणाच्याच तोंडी येणार नाही. चालेल.

पिंपळपान
‘विशाख’ मस्त आहे. मुद्राराक्षसाचा कर्ता विशाखदत्त, म्हणजे पदाला वजनही आहे.

रेवाकाठ
ठरलं, विशाख काश्यप. शेवटचं एक. मणिषेणाचा युद्धहत्ती आहे आणि त्याला बऱ्यापैकी भूमिका आहे. ‘अश्वत्थामा’ ठेवावं असं मनात आहे.

लेणीवाला
अमरकोशातले आठ दिग्गज आहेत की : ऐरावत, पुंडरीक, वामन, कुमुद, अंजन, पुष्पदंत, सार्वभौम, सुप्रतीक. महाभारतातल्या भगदत्ताच्या हत्तीचं नावही सुप्रतीकच. काळा असेल तर अंजन घ्या, तीन अक्षरी आहे आणि माहुताला ओरडायला सोपं.

मुद्रितशोधक
अंजनाने, अंजनाला, अंजनाचा. विभक्तीत बसतं. पण अंजना नावाची बाई कथेत कुठेही आणू नका, ‘अंजनाने’ आणि ‘अंजनेने’ यांत वाचक गोंधळेल.

खडूसराव
हत्तीचं नाव अश्वत्थामा ठेवलंत तर युधिष्ठिराला त्या गावात येऊ देऊ नका.